ग्रे तेच, प्रिंट नवी : स्ट्रॅटेजी गेमच्या पुढच्या भागांबाबत सुरतच्या मराठी खेळाडूंचे मागणीपत्र

प्रति,
स्ट्रॅटेजी गेमचे निर्माते, प्रकाशक आणि भारतातील विक्रेते

विषय : खेळाचा पुढचा भाग मागच्यापेक्षा पुरेसा सुधारला आहे की नाही, हे ठरवण्याची कसोटी आणि त्या अनुषंगाने आमच्या मागण्या

महोदय,

आम्ही सुरतेत राहणारी मराठी माणसं. घरं उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोलीत; गावं बहुतेकांची धुळे, नंदुरबार, जळगावकडची. कुणी रिंगरोडच्या कापड मार्केटात खातेवही सांभाळतो, कुणी एम्ब्रॉयडरी मशीनवर रात्रपाळी करतो, दोघी-तिघी कॉलेजात आहेत, एक सर शाळेत इतिहास शिकवतात. रविवारी एका गाळ्याच्या माळ्यावर जमून आम्ही सिव्हिलायझेशन, एज ऑफ एम्पायर्स, टोटल वॉर, युरोपा युनिव्हर्सालिस असले खेळ खेळतो. एका डावाला कधी दोन रविवार लागतात, कधी दोन महिने. मंडळाच्या बैठकीत बरेच दिवस एकच वाद चालला होता : आवडत्या खेळाचा पुढचा भाग आला की घ्यायचा की थांबायचं? त्या वादातून जे हाती लागलं ते इथे कारणांसह मांडतो आहोत.

शीर्षकाचा खुलासा आधी करतो. विणून आलेल्या, अजून न रंगवलेल्या कापडाला सुरतच्या बाजारात ग्रे म्हणतात. तुटलेला धागा, विरळ वीण, कमीजास्त पन्हा, सगळे दोष ग्रेवर उघडे दिसतात. मग ते कापड प्रोसेसला जातं, छापून येतं, घडी पडते, पिशवीत बसतं आणि नवं नाव घेऊन कॅटलॉगमध्ये झळकतं. आमच्यातल्या एकाच्या शेठजींचं आयुष्य या धंद्यात गेलं. नवा कॅटलॉग समोर आला की ते फोटोंकडे पाहत नाहीत. साडीची घडी मोडतात, कापड उलटं करतात आणि ट्यूबलाइटसमोर धरतात. प्रिंट कुणीही आणील, ग्रे कसं आहे ते सांगा, हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

खेळाच्या पुढच्या भागाला आम्ही तोच प्रश्न विचारतो. ट्रेलर, चित्रं, संगीत, निवेदकाचा भारदस्त आवाज ही प्रिंट. नियमांची वीण, संगणकाने चालवलेल्या प्रतिस्पर्ध्याची अक्कल, पडद्यावर हवी ती माहिती सापडण्याची सोय आणि पन्नासाव्या तासालाही डावाचा टिकलेला तोल, हे ग्रे.

१. आमची कसोटी

सिव्हिलायझेशन बनवणाऱ्या फिरॅक्सिसमध्ये पुढच्या भागासाठी एक ठोकताळा वर्षानुवर्षं सांगितला जातो : एक तृतीयांश जुनं तसंच ठेवायचं, एक तृतीयांश सुधारायचं आणि एक तृतीयांश नवं आणायचं. ठोकताळा चांगला आहे. आमची हरकत एवढीच की या वाटणीत चौथा हिस्सा कुणी मोजत नाही, आणि तो म्हणजे काढून टाकलेला. खेळाडूला नवं काय आलं ते पहिल्या दिवशी कळतं. काय गेलं ते चार रविवार उलटल्यावर, एखादं बटण शोधताना कळतं.

जगातला सर्वांत यशस्वी पुढचा भाग आम्हाला बुद्धिबळात दिसतो. जुन्या शतरंजात वजीर तिरपं एकच घर चालायचा आणि आजचा उंट ज्या सोंगटीतून आला ती तिरपी दोन घरांची उडी मारायची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या दोन सोंगट्यांची चाल मोकळी झाली. पट ६४ घरांचाच राहिला, सोंगट्या ३२च राहिल्या, घोडा अडीच घरंच चालत राहिला. रेंगाळणारी सुरुवात ही जुन्या खेळाची खोड होती आणि बदल नेमका तिच्यावर झाला. नंतरच्या पाचशे वर्षांत कुणाला जुना वजीर परत मागावासा वाटला नाही.

यावरून आम्ही तीन प्रश्न ठरवले. मागच्या खेळातली सगळ्यांना ठाऊक असलेली खोड नव्यात गेली का? ती घालवताना जे चांगलं चालत होतं ते शाबूत राहिलं का? आणि नवं जे आलं त्यामुळे खेळाडूला अधिक विचार करावा लागतो, की नुसते अधिक क्लिक? तिन्हींची उत्तरं बरी आली तर पुढचा भाग पुरेसा सुधारला, असं आम्ही समजतो.

२. ताका उलटून पाहिला तेव्हा

(अ) सिव्हिलायझेशन. सहावा भाग ऑक्टोबर २०१६मध्ये आला, सातवा ११ फेब्रुवारी २०२५ला. सहाव्याची जाहीर खोड अशी की शेवटच्या शंभर चाली कंटाळवाण्या होतात : जिंकणार कोण हे ठरलेलं असतं, तरी पन्नास सैनिक एकेक करून सरकवावे लागतात. सातव्याने या खोडीवर थेट हात घातला. प्राचीन, शोधयात्रांचं आणि आधुनिक अशी तीन युगं केली. युग बदललं की सगळ्यांची घोडदौड थोडी मागे खेचली जाते. सेनापतीच्या हाताखाली फौज एकत्र बांधून नेता येते, त्यामुळे सरकवासरकवी कमी झाली. मोठ्या नद्यांतून जहाजं आत जातात. तापीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मोठी गलबतं सुवाळीला नांगर टाकायची आणि माल नदीतून शहरापर्यंत यायचा, यावरच हे बंदर मोठं झालं. हे बदल आम्ही ग्रेमधली सुधारणा म्हणून मान्य करतो.

पण त्याच कापडाची दुसरी बाजू. सातव्या भागात विक्रीच्या दिवशी सर्वांत मोठे नकाशे नव्हते. विजयानंतरही डाव चालू ठेवायचं ‘आणखी एक चाल’ हे बटण नव्हतं, आणि या मालिकेची ओळखच त्या शब्दांवर उभी आहे. या गोष्टी नंतर अपडेटमधून आल्या. प्राचीन युग संपताना आपली शहरं पुन्हा गावं होतात, राजधानी तेवढी वाचते. तीन संध्याकाळी खपून उभं केलेलं राज्य एका पडद्यानंतर ओळखू येत नाही. ब्रिटन मूळ खेळात नव्हतं, ते महिन्याभराने वेगळे पैसे मोजून मिळालं. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या पहिल्या वखारींपैकी एक ज्या शहरात उघडली त्या शहरात बसून ब्रिटनशिवायचं आधुनिक युग खेळताना आम्हाला हसू आलं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. चौथ्या भागात धर्म होता, हेरगिरी होती; २०१०च्या पाचव्यात दोन्ही गायब झाली आणि २०१२मध्ये विस्तार म्हणून पुन्हा विकली गेली. सहाव्यात मात्र दोन्ही पहिल्या दिवसापासून होती. म्हणजे ठरवलं तर जमतं.

आमचा निकाल : सातव्या भागाची कल्पना सहाव्यापेक्षा धीट आहे, पण विक्रीच्या दिवशीचा सातवा भाग सहाव्यापेक्षा पुरेसा सुधारलेला नव्हता.

(आ) टोटल वॉर. मार्च २००९च्या एम्पायरमध्ये हिंदुस्थानाचा स्वतंत्र नकाशा होता आणि मराठे खेळाडूला स्वतः चालवता येत होते. आमच्यातले निम्मे लोक या खेळांकडे वळले ते त्यामुळेच. खोडीही मोठ्या होत्या. सुरुवातीच्या महिन्यांत संगणकाची फौज जहाजातून उतरून चढाई करतच नसे. जवळजवळ अख्खा फ्रान्स म्हणजे एकच प्रांत, पॅरिस पडलं की तो सगळा गेला. वर्षभराच्या आत, फेब्रुवारी २०१०मध्ये, नेपोलियन आला. एम्पायरमध्ये एक चाल सहा महिन्यांची होती, इथे दोन आठवड्यांची झाली. थंडीने आणि वाळवंटाने फौज झिजू लागली, मुक्कामात जवानांची भरती आपोआप होऊ लागली. वीण घट्ट झाली यात शंका नाही. मात्र हिंदुस्थान नकाशावरून गेला आणि त्याच्याबरोबर मराठेही. आमचा निकाल : खेळ म्हणून सुधारणा पुरेशी, पण पन्हा कमी झाला आणि तो किती कमी झाला हे पाकिटावर लिहिलं नव्हतं.

(इ) सिटीज स्कायलाइन्स. पहिला भाग मार्च २०१५चा, दुसरा २४ ऑक्टोबर २०२३चा. दुसरा भाग संगणकावर ठरवलेल्या वेगाने चालत नाही, हे बनवणाऱ्यांनी विक्रीआधी स्वतःच सांगितलं आणि तरीही तो ठरलेल्या तारखेला विकायला आला. २०२४मध्ये त्याच्या एका सशुल्क पुरवणीवर इतकी टीका झाली की ती फुकट करून लोकांचे पैसे परत देण्यात आले. चूक कबूल केली, पैसे परत केले, ही गोष्ट आम्ही जमेच्या बाजूला धरतो.

शहर सुधारणं म्हणजे काय हे सुरतकराला खेळातून शिकावं लागत नाही. सप्टेंबर १९९४मध्ये इथे प्लेग आला आणि लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले. त्या गर्दीत आमचे आईवडीलही होते. पुढच्या वर्षीपासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात महापालिकेने कचरा, गटारं आणि अधिकाऱ्यांची रोजची हजेरी या तीन गोष्टींना हात घातला. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर देशात पहिली आली. त्या सुधारणेची सुरुवात नव्या कारंज्यांपासून झाली असती तर आज आम्ही ती सांगत बसलो नसतो.

(ई) वॉरक्राफ्ट. तिसरा भाग २००२चा. त्याची नवी आवृत्ती जानेवारी २०२०मध्ये आली तेव्हा जुना खेळ विकत घेतलेल्यांनाही नव्या प्रोग्रामवर जावं लागलं आणि त्यात जुन्या काही सोयी सुरुवातीला नव्हत्या. नव्याचे पैसे परत मिळाले. जुना जसा होता तसा मिळाला नाही. आमच्या यादीतला हा सर्वांत वाईट दाखला आहे, कारण इथे पुढच्या भागाने मागच्याची जागाच घेतली.

(उ) एज ऑफ एम्पायर्स २. मूळ खेळ १९९९चा, त्याची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०१९ची. पट तोच, घरं बांधायची रीत तीच. मार्ग शोधणं, एकामागून एक कामं लावून ठेवणं, शेतं पुन्हा पेरणं अशा रोजच्या काचणाऱ्या गोष्टी सुधारल्या. एप्रिल २०२२मध्ये ‘इंडियन्स’ या एकाच गठ्ठ्याचे हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे वेगवेगळे पक्ष झाले.

गुर्जरांची एक गंमत सांगायलाच हवी. इतरांना मेंढ्या कापून खाव्या लागतात. गुर्जर मेंढ्या गिरणीत ठेवतात आणि त्यांच्यापासून थोडंथोडं अन्न सतत येत राहतं. मार्केटात खातेवही लिहिणारे आमचे काका कधी माउसला हात लावत नसत; पुतण्याला बोलवायला आले होते. पडद्यावर गिरणीत शिरणाऱ्या मेंढ्या त्यांनी पाहिल्या, हे काय म्हणून विचारलं, उत्तर ऐकलं आणि खुर्ची ओढून बसले. मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवायचं, एवढं त्यांना लगेच कळलं. त्या रात्री ते साडेअकराला उठले. एका ओळीचा नियम, त्यामागे एक जगण्याची रीत आणि त्यातून निघणारा वेगळा डावपेच : नवं आणायचं तर असं.

३. आपल्याकडून येणारे आक्षेप

पहिला आक्षेप : आठ-दहा वर्षं विस्तार जोडत गेलेल्या खेळाशी नव्या खेळाची पहिल्या दिवशी तुलना करणं अन्याय आहे. यात तथ्य आहे. युरोपा युनिव्हर्सालिसचा चौथा भाग २०१३चा आणि पाचवा नोव्हेंबर २०२५चा. मधल्या बारा वर्षांची भर एका दिवसात कुणी ओतू शकत नाही. पण किंमत पहिल्या दिवशी पूर्ण घेतली जाते, तेव्हा तुलनाही पहिल्या दिवशी होणार. अर्धा ताका देऊन पुऱ्या ताक्याचं बिल फाडलं तर आमच्या बाजारात माल दुसऱ्या दिवशी परत येतो.

दुसरा आक्षेप : जुने खेळाडू बदलाला नेहमीच विरोध करतात. काही करतात, आमच्यातही आहेत. म्हणूनच आम्ही ‘जुन्यासारखं ठेवा’ असं कुठेही म्हटलेलं नाही. पाचव्या सिव्हिलायझेशनने एका घरात एकच फौज हा नियम आणला तेव्हा आमच्यात भांडणं झाली होती. आज तो नियम काढा असं कुणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप : तपासलेला, पूर्ण खेळ द्यायचा तर वेळ आणि पैसा लागतो. लागतो. या शहराला त्याचीही जुनी आठवण आहे. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा शहराभोवती मातीचा तट होता आणि मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला होता. नंतर विटांचा तट बांधायचा हुकूम निघाला. ऑक्टोबर १६७०मध्ये महाराज पुन्हा आले. तट राखणारी माणसं पुन्हा तोकडी पडली. सुरतेत राहून ही गोष्ट आम्ही जरा हळू आवाजात सांगतो. सांगायचं कारण एवढंच की सहा वर्षं आणि पैसा कुठे घातला यावर दुसऱ्या वेळचा निकाल ठरतो. संगणकाचा प्रतिस्पर्धी नदीकाठी नुसता उभा राहणार असेल, तर नदीचं पाणी कितीही चकचकीत काढा.

४. आमच्या मागण्या

१. गेलेल्याची यादी द्या. मागच्या भागात, त्याच्या विस्तारांसह, असलेल्या आणि नव्यात नसलेल्या गोष्टींची यादी विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी असावी. नकाशांचे आकार, एकत्र खेळण्याच्या पद्धती, विजयाचे प्रकार, पक्ष यांचा तीत स्पष्ट उल्लेख हवा.

२. पूर्ण डाव दाखवा. संगणकाने संगणकाविरुद्ध खेळलेला किमान एक डाव, पहिल्यापासून शेवटापर्यंत, न कापता विक्रीआधी प्रसिद्ध करा. ट्रेलर दोन मिनिटांचा असतो. प्रतिस्पर्ध्याची अक्कल दोनशेव्या चालीला दिसते.

३. परतीची मुदत खेळाच्या लांबीवर ठरवा. स्टीमवर २०१५पासून परतीची सोय आहे : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. गोळीबाराच्या खेळाला दोन तास पुरत असतील. आमच्या एका सभासदाने नव्या खेळाचे पहिले दोन तास वहीत टिपून ठेवले. खेळाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. अकरा मिनिटं सेटिंग, बावीस मिनिटं शिकवणी, नऊ मिनिटं राजा निवडण्यात, सहा मिनिटं आईने जेवायला बोलावलं म्हणून. उरलेल्या वेळात दोन शहरं वसली आणि एक युद्धही झालं नाही. स्ट्रॅटेजी गेमसाठी ही मर्यादा किमान दहा तासांची करावी.

४. जास्त पैशात लवकर प्रवेश बंद करा. सातव्या सिव्हिलायझेशनच्या महागड्या आवृत्तीवाल्यांना खेळ पाच दिवस आधी, ६ फेब्रुवारीला मिळाला. सर्वांत जास्त पैसे देणाऱ्याच्या हाती सर्वांत कच्चा माल देणं हा उलटा व्यवहार आहे. पहिल्या दिवशी तयार असलेला किंवा महिन्याभरात येणारा पक्ष मूळ किमतीतच असावा.

५. जुना भाग जिवंत ठेवा. पुढचा भाग आल्यावर मागचा विक्रीतून, संगणकावरून किंवा सर्व्हरवरून काढू नये. सर्व्हर बंद करायचाच असेल तर इंटरनेटशिवाय आणि घरगुती नेटवर्कवर खेळता येईल अशी शेवटची आवृत्ती आधी द्या. विकत घेतलेले खेळ असे बंद पाडू नयेत म्हणून युरोपात दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आहेत. त्या मागणीत आम्ही आमचा आवाज मिळवतो.

६. साध्या संगणकावरची खरी चाचणी सांगा. ‘किमान गरजा’ या रकान्यात नुसती चिपची नावं नकोत. मोठ्या नकाशावर, डावाच्या शेवटाकडे, साध्या लॅपटॉपवर एका चालीला किती सेकंद लागतात ते लिहा. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पंखा लावून खेळणारा माणूसही तुमचं गिऱ्हाईक आहे.

७. एकूण किंमत एकदाच सांगा. मूळ खेळ चार आकडी, मग पुरवण्या, मग हंगामी पास. नव्याने येणाऱ्याला शेवटचा आकडा कधीच दिसत नाही. रुपयांतली किंमत इथल्या कमाईचा विचार करून ठेवा आणि पुढचा भाग आला की मागच्याची सगळ्या पुरवण्यांसकट एकच स्वस्त आवृत्ती काढा.

८. मराठी अक्षरं नीट उमटू द्या. वर नाव घेतलेल्या एकाही खेळात मराठी नाही. भाषांतराचा खर्च आम्हाला कळतो, म्हणून मागणी लहान करतो : मजकुराच्या फाइल खुल्या ठेवा आणि देवनागरी नीट जोडणारी व्यवस्था खेळात बसवा, भाषांतर आम्ही करू. ती व्यवस्था नसेल तर काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. ‘शिवाजी’ लिहिलं की वेलांटी ‘श’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘युद्ध’ मधल्या जोडाक्षराचे दोन तुकडे पडतात. शहराला आपल्या गावाचं नाव द्यावं असं सगळ्यांनाच वाटतं. आमच्यातल्या एकीने ‘शिंदखेडा’ टाइप केलं तर पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग आली.

९. इतिहासाची वीण पाहा. सातव्या सिव्हिलायझेशनच्या पहिल्या यादीत हिंदुस्थानासाठी मौर्य, चोळ आणि आधुनिक युगासाठी मुघल होते. १७७१ साली दिल्ली मराठ्यांनी घेतली आणि परागंदा बादशहा शाह आलम पुढच्या जानेवारीत महादजी शिंद्यांच्या आधाराने राजधानीत परतला. त्या काळाचा हिंदुस्थान मराठ्यांशिवाय उभा करायचा हे आम्हाला पटत नाही.

पण आमची मागणी भगवा झेंडा आणि घोड्यावरचा पुतळा एवढ्यावर भागणारी नाही. या खेळांच्या नकाशात प्रांत सहसा एकाच रंगाचा असतो : तुझा नाही तर माझा. मराठ्यांची चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. या दोन्ही हक्कांत जमीन दुसऱ्याच्या नावावर राहून वसुली मराठ्यांची होते. दख्खनच्या सहा सुभ्यांची अशी सनद १७१९मध्ये दिल्लीहून मिळाली. त्याच सुमारास सुरतेच्या पूर्वेला सोनगडावर पिलाजी गायकवाडांनी ठाणं बसवलं आणि सुरतेभोवतीच्या ‘सुरत अठ्ठाविशी’ या परगण्यांत गायकवाडांचा वाटा सुरू झाला. पुढे १७५९मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला, तरी गादीवर नवाब होताच. एकाच गावच्या गव्हावर तिघांचा हक्क. हा नियम नकाशात आणला तर खेळाडूला रोज ठरवावं लागेल : मुलूख जिंकून सांभाळण्याचा खर्च करायचा, की चौथाईवर भागवून फौज मोकळी ठेवायची? शिवाय चौथाई थकली तर काय करायचं? खऱ्या सुधारणेचा याहून सरळ नमुना आमच्याजवळ नाही. त्यासोबत पानिपतही ठेवा. १४ जानेवारी १७६१ची हार वगळून आमची स्तुती करणारा खेळ आम्हाला नको.

१०. विक्रेत्यांना विशेष विनंती. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं स्थान देणारा कायदा केला. तुमच्या दुकानातही तो फरक दिसावा. स्ट्रॅटेजी गेममध्ये पैसे टाकून उघडायच्या नशिबाच्या पेट्या नकोत. मुलगा काय खेळतोय हे विचारणाऱ्या आईला आम्हाला एका वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे.

५. आमच्याकडून

मागणाऱ्याने आपली बाजूही सांगावी, म्हणून लिहितो. आमच्यातले बहुतेक जण हे खेळ चोरीच्या सीडींवर शिकले. चौकबाजारात वीस-तीस रुपयांना मिळायच्या. त्याचा अभिमान नाही आणि ते लपवतही नाही. आज मंडळाचा नियम आहे : खेळ विकत घेतलेलाच हवा, परवडत नसेल तर जुना भाग खेळायचा.

दुसरा नियम या मागणीपत्राबरोबर लागू झाला. मंडळातलं कुणीही पुढच्या भागाची आगाऊ नोंदणी करणार नाही. खेळ आल्यावर वर्गणीतून एकच प्रत घेतली जाईल, तिघे जण किमान तीस तास खेळतील आणि पहिल्या विभागातल्या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी देतील. ती उत्तरं फळ्यावर लागतील, बरी असोत वा वाईट. चांगल्या कामाचं कौतुकही तितक्याच ठळक अक्षरांत होईल. गुर्जरांच्या मेंढ्यांचा कागद अजून भिंतीवर आहे.

तिसरं, मराठी भाषांतराचं काम आम्ही विनामोबदला करायला तयार आहोत. इतिहासाचे सर लढायांची नावं, किल्ले, हुद्दे तपासून देतील. चौथाईचा नियम कागदावर मांडून, सोंगट्या आणि फासे घेऊन आम्ही चार वेळा खेळून पाहिला आहे. तिसऱ्या वेळी थकबाकीचा घोळ झाला, चौथ्या वेळी सुटला. हवा असेल तर तो कागद पाठवू.

या मागणीपत्राचं उत्तर तीन महिन्यांत मिळावं. प्रत्येक मागणीपुढे ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘विचाराधीन’ आणि त्याचं कारण, एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर रागावणार नाही. जुना खेळ आहे, रविवार आहे, माळ्यावर ट्यूबलाइट आहे. नवा माल येईल तेव्हा घडी मोडून तिच्यासमोर धरू.

कळावे,

आपले,
सुरतेतील मराठी खेळाडूंच्या मंडळाच्या वतीने
अध्यक्ष, चिटणीस आणि सर्व सभासद

स्थळ : सुरत

प्रत माहितीसाठी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली